वन रूम किचनमध्ये मुलाच्या खेळाला जागा काढताना

आमचं घर डोंबिवलीत. ३१० चौरस फूट कार्पेट. बाहेरची खोली १० बाय १४, आत स्वयंपाकघर, मोरी-संडास आणि कपडे वाळत घालण्यापुरती बंदिस्त केलेली बाल्कनी. माणसं चार: नवरा, मी, सासूबाई आणि आता अडीच वर्षांची झालेली लेक. ती अकराव्या महिन्यात चालायला लागली आणि पंधरा दिवसांत कळलं, की घरातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी आहे.

तेव्हा मी तेच केलं जे बहुतेक नवे आई-बाप करतात. रात्री मोबाइलवर 'किड्स कॉर्नर'ची चित्रं बघितली. छोटा तंबू, बुटकं पांढरं शेल्फ, जाड गालिचा. मग टेप घेऊन खोली मोजली. आमच्या खोलीला कोपरे चारच, आणि चारही आधीच अडलेले. एकात दिवाण, एकात लोखंडी कपाट, एकात टीव्ही, एकात देवघर. तरी हौसेनं एक प्लॅस्टिकची घसरगुंडी मागवलीच. ती चार दिवस दारात अडखळायला होती, मग माळ्यावर गेली, आणि शेवटी नणंदेच्या गावच्या घरी पोचली. तिथे अंगण आहे.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांचं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं. तिथली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे आमच्या घराच्या निम्मी, आणि खाणारी तोंडं नऊ. त्या म्हणाल्या, "अगं, कोपरा कशाला हवाय? सकाळी गाद्या गुंडाळल्या की आमचं घर मोठं व्हायचं. दुपारी तिथेच पापड लाटायचे, संध्याकाळी तिथेच परवचा, रात्री तिथेच झोप."

या लेखात पुढे जे काही सांगणार आहे ते या एका वाक्यातून निघालेलं आहे. छोट्या घरात मुलासाठी कायमची जागा निघत नाही. एकच जमीन दिवसातून चारदा वेगवेगळ्या कामाला वापरायची, आणि त्यातले काही तास मुलाच्या नावावर करायचे. ते कसं करायचं, ते आता क्रमाने सांगते.

१. आधी दोन दिवस नुसतं बघा

काहीही विकत घेऊ नका, काही हलवूही नका. फ्रिजवर एक कागद लावा आणि बाहेरच्या खोलीची जमीन कोण, केव्हा, कशासाठी वापरतं ते लिहीत जा. आमचा कागद साधारण असा होता: साडेआठपर्यंत डबे, आंघोळी, ऑफिसच्या बॅगा. साडेनऊ ते बारा जमीन मोकळी. मग तीन-चारपर्यंत जेवणं, लेकीची झोप, सासूबाईंचं पाठ टेकणं. साडेचार ते साडेसहा पुन्हा मोकळी. आठनंतर सगळे घरात, दहाला गाद्या. म्हणजे रोजचे साडेचार तास ती जमीन कुणालाच नको असते. हे मला कागदावर येईपर्यंत माहीत नव्हतं.

मग बघायचं, त्या साडेचार तासांत ती खरोखर मोकळी असते का. आमच्याकडे मधोमध टीपॉय होता. त्यावर चहा कोणी पीत नव्हतं. पेपर, रिमोट, किल्ल्या आणि न उघडलेली लाइट बिलं एवढाच त्याचा उपयोग. तो गेला. किल्ल्यांसाठी दाराजवळ, मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर, एक खुंटी ठोकली. पेपरला दिवाणाखालची जागा मिळाली. पहिली सात चौरस फूट जमीन अशी निघाली आणि तिला एक पैसा लागला नाही.

२. काय ठेवायचं, काय काढायचं

डबल बेड अजून घेतला नसेल तर थांबा. ६ बाय साडेसहाचा बेड ३९ चौरस फूट खातो. आमच्यासारख्या घरात तो आठवा हिस्सा झाला. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत जमिनीवरच्या गाद्या सगळ्यात सोयीच्या. रात्री लोळून पडलं तरी फरशीपर्यंतचं अंतर चार बोटांचं. सकाळी गाद्या गुंडाळून दिवाणावर, वर चादर. फक्त पावसाळ्यात त्यांच्या खालच्या बाजूला ओल धरते, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी उभ्या करून पंख्याखाली वाळवा.

बेड असेलच, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या गुडघ्यांसाठी तो लागतोही, तर त्याच्या पोटातली जागा वापरा. पण एक ध्यानात ठेवा: हायड्रॉलिक झाकणाच्या बेडमध्ये खेळणी ठेवू नका. मूल स्वतः झाकण उचलायला जातं, आत वाकतं, आणि ते झाकण वजनदार असतं. खेळण्यांना झाकणाची पेटीच नको. उघड्या टोपल्या बऱ्या.

बाकी काय काढायचं हे तुमच्या घरावर आहे. माझी एकच चाळणी होती: ही वस्तू गेल्या दिवाळीपासून वापरली का? त्या चाळणीतून एक मोडका टेबलफॅन, लग्नातले दोन डिनर सेट आणि नवऱ्याचा न वाजणारा कीबोर्ड गळाले. कीबोर्डवरून दोन दिवस अबोला होता.

३. सतरंजी अंथरा

खेळायच्या तासांत जमिनीवर ४ बाय ६ची सतरंजी पडते. तास संपले की घडी घालून दिवाणाखाली जाते. एवढंच आमचं 'प्ले एरिया'.

सतरंजीच का? कारण ती धुता येते, दोरीवर टाकली की संध्याकाळपर्यंत वाळते, आणि तिला कडा असतात. दीड वर्षाच्या मुलाला 'या कोपऱ्यात खेळ' हे समजत नाही, पण 'सतरंजी घातली की खेळ' हे आठवडाभरात समजतं. आमची लेक आता स्वतःच दिवाणाखालून ती ओढते. फोमचे रंगीत तुकडे जोडून होणारी मॅट आम्ही आधी आणली होती. तिनं पहिल्याच आठवड्यात 'क' अक्षराचं शेपूट चावून तोडलं. जाड गालिच्यात धूळ, खरकटं आणि मुंग्या बसतात, आणि तो घरी धुवायचा म्हणजे नवराबायकोंचा संपूर्ण रविवार. व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंजी सरकते, म्हणून खाली अँटी-स्किड जाळी टाका. ती मीटरवर मिळते.

कुठे अंथरायची? ओट्याशी उभं राहून मान वळवली की दिसेल अशी. छोट्या घराचा हा फायदा मोठ्या घरवाल्यांना मिळत नाही: पोळ्या लाटता लाटता मूल नजरेत राहतं. दार उघडतं त्या रेषेत नको, टीव्हीच्या अगदी खाली नको आणि खिडकीला लागून तर नकोच.

४. गुडघ्यांवर बसा आणि घर फिरा

ही पायरी घाईनं करू नका. सतरंजी मांडली म्हणून मूल तिच्यावर बसून राहणार नाही. एका खोलीच्या घरात खेळायची जागा आणि बाकीचं घर यांच्यामध्ये भिंत नसते, त्यामुळे जे काही मुलाच्या हाताला लागू शकतं ते सगळं खेळायच्या जागेतलंच समजायचं. दोन वर्षांचं मूल साधारण ८६ सेंटिमीटर उंच असतं. हात वर करून, चवड्यांवर उभं राहून ते साडेतीन फुटांपर्यंत पोचतं, आणि खाली डबा किंवा उशी मिळाली की त्याच्याही वर. म्हणून खरंच गुडघ्यांवर बसून घराला एक फेरी मारा. लाज वाटत असेल तर घरात कोणी नसताना मारा.

*पाणी.* आपल्याकडे पाणी वेळेवर येतं आणि मोरीत पिंप, बादल्या भरलेल्या असतात. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. बादलीत वाकून तोल गेला, तर त्याला स्वतःहून सरळ होता येत नाही, आणि वीतभर पाणीही जीवघेणं ठरतं. ओरडण्याचा आवाजही येत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं, बादल्या वापर झाला की पालथ्या, आणि मोरीच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी. सुतारानं आमच्याकडे ती पाच फुटांवर बसवली. पाणी तापवायला बादलीत हीटर रॉड लावत असाल तर मूल घरात असेपर्यंत ती सवय सोडा. दुसरा उपाय नाही.

*देवघर.* याबद्दल कुठल्याच यादीत वाचलं नाही, म्हणून थोडं सविस्तर. आमचं देवघर जमिनीपासून दीड फुटावर होतं. समई, काडेपेटी, उदबत्ती हे धोके दिसतातच. न दिसणारा धोका कापराचा. वडी पांढरी, खडीसाखरेसारखी दिसणारी, आणि प्रसाद म्हणून पांढरं काहीतरी तोंडात घालायची मुलांना आपणच सवय लावलेली. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्या वेळात झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबरगोळ्याही तशाच विषारी. सासूबाईंनी देवघर वर न्यायला आधी नकार दिला, कारण त्या खाली बसून पूजा करतात. शेवटी देव खालीच राहिले. कापूर, काडेपेटी आणि तेलाची बाटली एका डब्यात बंद होऊन वरच्या फळीवर गेली, आणि समई फक्त त्या समोर बसलेल्या असतील तेवढाच वेळ लागते.

*औषधं.* आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या उशाशी असतात. मोठ्या माणसाची रोजची एक गोळी लहान मुलाला दवाखान्यात पोचवायला पुरेशी असते. तो डबा उंचावर आणि झाकणबंद. मुलानं काही विषारी गिळल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. जे गिळलं त्याचं पाकीट बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८.

*बटणासारखे सेल.* रिमोट, वजनकाटा, थर्मामीटर, आवाज करणारी स्वस्त खेळणी या सगळ्यांत असतात. गिळलेला सेल घशाखाली अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. ज्या वस्तूच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ती मुलाच्या हातात द्यायची नाही.

*उभं सामान.* लोखंडी कपाट, शोकेस, चपलांचा उंच रॅक. मुलं खण उघडून त्यांची शिडी करतात आणि सगळं अंगावर येतं. एल आकाराच्या पट्ट्यांनी वरची कड भिंतीला आवळून टाका. भाड्याच्या घरात मालकाला विचारा. दोन भोकं आहेत, सोडताना पुट्टीनं बुजतात. टीव्ही टेबलावर असेल तर भिंतीवर चढवा.

*खिडकी.* आमचा दिवाण खिडकीखाली होता, कारण तिथे वारा येतो. तो पहिल्यांदा हलवला. ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका: पट्ट्यांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं, आणि आडव्या पट्ट्यांचं ग्रिल म्हणजे शिडीच. बाहेर काढलेल्या पेटी-ग्रिलमध्ये कुंड्या आणि जुने डबे ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे; त्याच पायऱ्या होतात.

*वीज.* खालचे सॉकेट झाका, एक्स्टेंशन बोर्ड भिंतीवर चढवा. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का हे इलेक्ट्रिशियनला विचारा. असेल तर तिच्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघा. इस्त्री आणि किटलीची लोंबती वायर मुलं ओढतात. वापर झाला की गुंडाळा.

दारात बोटं चेंगरतात त्यावर सोपा उपाय: जुना टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर घालून ठेवा, दार पूर्ण बंदच होत नाही.

स्वयंपाकघराला आमच्याकडे दार नाही, नुसती कमान आहे. तिथे सुतारानं प्लायवूडचं अर्धं दार लावून दिलं, जुन्या घरांत असायचं तसं. मी आत, ती बाहेर, दोघी एकमेकींना दिसतो. कुकरची शिट्टी होत असताना आणि तळण चालू असताना ते बंद असतं. एरवी उघडं, कारण पुढे सांगते तसं स्वयंपाकघरातही तिचं राज्य आहे.

५. खेळणी किती?

थोडी. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोलीत १६ खेळणी ठेवली तेव्हापेक्षा फक्त ४ ठेवली तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण आमच्याकडे चारपेक्षा जास्त ठेवायला जागाच नव्हती.

आमची पद्धत अशी: दोन टोपल्या. एक दिवाणाखाली, लेकीच्या हाताला येणारी, तिच्यात पाच-सहा वस्तू. दुसरी माळ्यावर. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. माळ्यावरून उतरलेला जुना ट्रक तिला वाढदिवसाच्या भेटीसारखा वाटतो. वाढदिवसाला येणाऱ्या भेटींसाठी नातेवाइकांना आधीच सांगून टाका: मोठं काही नको, पुस्तक द्या किंवा बॉल द्या. चार जण ऐकतात, पाचवा बॅटरीवरची जीप आणतो.

विकत घेताना आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो आपल्याकडे सक्तीचा आहे. स्टेशनबाहेरच्या गाडीवरच्या खेळण्यावर तो सापडला तर मला कळवा. हस्तकला म्हणून नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, म्हणून लाकडी खेळण्यावर मार्क नसला तर ते वाईटच असं नाही; तिथे रंग उडतो का, कुसळ लागतं का, हे हातानं बघायचं. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आमच्याकडे आहेत. अख्खं लाकडी केळं अडीच वर्षांत दहा हजार वेळा पडलं असेल, टवकादेखील नाही. द्राक्षं आणि आवळा मात्र मी काढून ठेवले, कारण ते तोंडात मावतात.

काय मावतं हे ओळखायची घरगुती कसोटी म्हणजे पेपर नॅपकिनच्या रोलची पुठ्ठ्याची नळी. साधारण चार सेंटिमीटर रुंद असते. त्यातून जे आरपार जाईल ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पानं, काड्या असं आजूबाजूला मिळणारं साहित्य वापरलं. ते वाचून मीही भारावले आणि दीड वर्षाच्या मुलीपुढे वाटीत हरभरे ठेवले. बालवाडीतली मुलं त्याहून मोठी असतात, हे मी विसरले. मिनिटभर फोन घेतला तेवढ्यात एक हरभरा नाकात. ओल्या नाकात तो फुगतो, म्हणून ओढायला जाऊ नये, हे मला ओढायला गेल्यावर समजलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात काढला आणि म्हणाले, "या आठवड्यातला तिसरा."

आता हरभऱ्याऐवजी जाडे पोहे. नाकात गेले तर मऊ पडतात.

चाकांचा गोल बेबी वॉकर कोणी दिला तर घेऊ नका. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरून आणि जिन्यावरून सुसाट खाली जातं. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून बरा, कारण त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. पण दहा बाय चौदाच्या खोलीत तोही चार पावलांत भिंतीला लागतो. आमचा बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये चालायचा, शेजाऱ्यांच्या चपलांमधून वाट काढत.

६. स्वयंपाकघरातला एक कप्पा द्या

ओट्याखालचा सगळ्यात खालचा एक कप्पा रिकामा करून मुलाला देऊन टाका. त्यात झाकणाचे स्टीलचे छोटे डबे, वाट्या, लाकडी पळी, पिठाची चाळणी, जुना मसाल्याचा डबा. डब्याला त्याचंच झाकण शोधून लावणं हे माझ्या लेकीनं सलग चाळीस मिनिटं केलेलं एकमेव काम आहे. भातुकली निराळी आणायची गरज पडली नाही.

पोळ्या करताना तिला कणकेचा एक गोळा मिळतो. तो जमिनीवर पडतो, काळा होतो, पुन्हा वाटीत जातो. शेवटी त्याची पोळी करून ती बाबांना वाढते. बाबा खाल्ल्यासारखं करतात. घरी मिठाची कणीक करून खेळायला द्यायची टूम निघाली आहे, ती मी टाळते. या वयात सगळं पोटात जातं आणि तेवढं मीठ जाणं बरं नाही. साधी कणीक पुरते.

शेजारच्या कप्प्यात मात्र फिनेल, ॲसिड, झुरळांचं औषध असेल तर ही पायरी करायच्या आधी ते सगळं माळ्यावर.

७. भिंत आणि खोके

जमीन संपली तरी भिंत उरते. लोखंडी कपाटाच्या दारावर खालच्या बाजूला जुन्या कॅलेंडरचे मागून कोरे कागद चिकटवा आणि जाड खडू द्या. उभ्यानं चित्र काढायला मुलांना आवडतं आणि त्याला चौरस फूट लागत नाहीत. कपाटाला चिकटणारे छोटे लोहचुंबक मात्र नकोत. दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना ओढतात.

आंब्याच्या दिवसांत लाकडी पेटी मिळाली तर खिळे उपटून, पॉलिशपेपरनं घासून तिचं पुस्तकांचं बुटकं शेल्फ होतं. हल्ली बरेच आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, तर तेही वाईट नाही. वाण्याकडून मोठं खोकं आणा, पिना आणि चिकटपट्ट्या काढा. आठवडाभर ते बस असतं, मग घर, मग घसरगुंडी. फाटलं की रद्दीवाला. माळ्यावर जागा न अडवणारं दुसरं खेळणं मला माहीत नाही.

चढण्या-उड्यांची भूक मात्र या कशानं भागत नाही. गुंडाळलेल्या गादीचा डोंगर करून त्यावरून लोळणं हा आमचा संध्याकाळचा कार्यक्रम. खालच्या मजल्यावर आजोबा दुपारी झोपतात, म्हणून साडेचारच्या आधी डोंगर नाही. हा तह त्यांच्याशी मी स्वतः जाऊन केला. आपण जाऊन बोललो तर लोक बरंच सहन करतात. वॉचमनकडून निरोप आला की करत नाहीत.

८. आवरणं

खेळायचे तास संपले की पाच मिनिटांत जमीन परत मिळायला हवी, नाहीतर घरातली बाकीची माणसं आठवड्यात बंड करतात. म्हणून सगळं एका टोपलीत मावलं पाहिजे. रंगानुसार, आकारानुसार वेगळे डबे वगैरे चित्रात छान दिसतात. दमलेल्या माणसाकडून ते होत नाही. सतरंजीची चार टोकं उचलायची, सगळं मधोमध गोळा होतं, टोपलीत उलटायचं. मुलाला दोन टोकं धरायला द्या. तोंडात जाणारी खेळणी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात. पिळून पाणी उडवणारी रबरी बदकं आतून काळी पडतात, ती टाकून द्या.

९. घरातली माणसं, आणि घराबाहेरचं घर

छोट्या घरात मुलाला जागा देणं म्हणजे कुणाकडून तरी ती घेणं. आमच्याकडे ती सासूबाईंकडून गेली: सकाळची टीव्हीसमोरची बैठक त्यांनी सोडली. ते त्यांनी कबूल केलं कारण बदल्यात दुपारी एक ते तीन घरात कुणीही आवाज करायचा नाही असं ठरलं, आणि ते मी स्वतः पाळते. घरून काम करणाऱ्या नवऱ्याची मीटिंग साडेदहाला असेल तर तो स्वयंपाकघरात बसतो. एकदा कॅमेऱ्यात मागे शेंगदाण्याची बरणी आणि पुढे साहेब असं चित्र सगळ्या ऑफिसनं बघितलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. स्क्रीन वर्षाच्या मुलाला नकोच, आणि दोन वर्षांच्या मुलाला तासाभराच्या आत. तीन तास हालचाल २४ चौरस फुटांच्या सतरंजीवर होणार नाही, हे मान्य करून टाका. जिना चढणं-उतरणं हात धरून, गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून मागून, भाजी आणताना कडेवर न घेता चालवत. बाजारात जायला वीस मिनिटं जास्त लागतात. वाटेत प्रत्येक कुत्र्याशी ओळख होते.

पावसाळ्यात हे सगळं बंद पडतं, दोरीवरचे ओले कपडे खोलीत येतात आणि सतरंजीवर टपटपतात. तेव्हा कपड्यांच्या दोऱ्या पुलीनं पूर्ण वर ओढता येतात का बघा. आमच्याकडे लोंबत्या चादरींचा तंबू होतो, आणि चित्रात बघितलेल्या त्या तंबूची हौस अशी फिटते.

गणपतीत मात्र आमचा पाच दिवसांचा गणपती नेमका सतरंजीच्या जागी बसतो, कारण मोकळी जमीन तेवढीच. गेल्या वर्षी लेक मखरासमोर उभी राहिली, खाली बघितलं, वर बघितलं, आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, बाप्पा साडेसहाला आवरणार?"